राणीच्या बागेत काय काय आलं

मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय एकदा खिडकीतून बाहेर फेकलं गेलं होतं. साल 1857. उत्तरेत शिपाई उठले, मुंबईत गोऱ्या फलटणी येऊन दाखल व्हायला लागल्या आणि त्यांना राहायला जागा पुरेना. फोर्टातल्या टाउन बराकींत तेव्हा एक नवाकोरा संग्रह मांडलेला होता. इलाख्यात काय पिकतं, काय खणून निघतं आणि इथले कारागीर काय घडवतात त्याचे नमुने. लष्कराचा हुकूम आला, चोवीस तासांत जागा मोकळी करा. एवढ्या अवधीत नीट बांधाबांध कोण करणार? सामान खिडक्यांतून खाली गेलं. फुटायचं ते फुटलं, लंपास व्हायचं ते झालं आणि उरलेलं गोळा करून कुठेतरी कोंबून ठेवण्यात आलं.

भायखळ्याला राणीच्या बागेत दिवस घालवायला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना आज पेंग्विन बघायचे असतात, काहींना वाघ. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, म्हणजे त्याच जुन्या संग्रहालयात, शिरणारे त्या मानाने थोडे, आणि आवारातल्या जुन्या पुतळ्यांपाशी थांबणारे त्याहून थोडे. पण पेंग्विन, पुतळे आणि संग्रहालय एकाच कुळातले. जे टाकून देववत नाही आणि भर चौकात ठेववतही नाही, ते मुंबईने दीडशे वर्षं इथे आणून ठेवलं आहे. घराला माळा असतो तशी ही शहराची जागा. त्या माळ्यावर काय कधी आणि का चढलं, ते क्रमाने पाहण्यासारखं आहे.

सुरुवात लंडनला झाली. 1851 मध्ये हाइड पार्कात काचेच्या महालात पहिलं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. 1855 मध्ये पॅरिसने तसंच प्रदर्शन भरवलं. दोन्हींसाठी मुंबई इलाख्यातून माल गोळा करून पाठवायचा होता. लॉर्ड एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. पॅरिसला जाणाऱ्या वस्तूंचा एकेक जोड इथेच ठेवला तर मुंबईतही एक कायमचं संग्रहालय उभं राहील, असा विचार निघाला. त्यामागे कलाप्रेम होतं, पण हिशेब जास्त होता. या मुलखातून काय उचलता येईल आणि कुठल्या बाजारात विकता येईल, हे व्यापाऱ्याला एका छताखाली दिसावं. निसर्ग, शेती, भूगर्भ, उद्योग आणि कला अशी सगळी खाती असलेलं हे संग्रहालय 1857 मध्ये टाउन बराकींत सुरू झालं आणि त्याच वर्षी खिडकीतून बाहेर पडलं.

त्याची व्यवस्था पाहणारा पहिला माणूस डॉ. जॉर्ज बुइस्ट. ‘बॉम्बे टाइम्स’चा हा संपादक मोठा विद्वान होता. पण उठावाच्या दिवसांत त्याची लेखणी हिंदी माणसांवर इतकी बेफाम सुटली की पत्राच्या हिंदी भागीदारांनाच ती सोसेना, आणि त्याला संपादकपद सोडावं लागलं. त्याच्यामागून जॉर्ज बर्डवूड आला. हा 1832 मध्ये बेळगावात जन्मलेला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारा डॉक्टर, वनस्पतींचा जाणकार आणि हिंदी कारागिरीवर मनापासून लुब्ध. फुटलेल्या संग्रहाचे अवशेष त्यानेच सांभाळले. माणूस मात्र सरळ रेषेतला नव्हता. याच बर्डवूडने 1910 मध्ये लंडनच्या एका सभेत ध्यानस्थ बुद्धाच्या मूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली आणि हिंदी कलेच्या चाहत्यांचा रोष ओढवून घेतला. विणकराच्या हातातलं त्याला दिसत होतं, शिल्पकाराच्या डोक्यातलं दिसत नव्हतं. भायखळ्याच्या संग्रहालयात आजही भांडी, कापड, हस्तिदंत आणि बिदरीकाम यांचं राज्य आहे, त्याचं मूळ या नजरेत सापडतं.

बराकींतला प्रकार घडला तेव्हा मुंबई वरवर शांत होती. पण 15 ऑक्टोबर 1857 रोजी एस्प्लनेडच्या मैदानात सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघा हिंदी सैनिकांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं होतं. शहरातल्या थोरामोठ्यांवरही सरकारचा डोळा होता. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे मुंबईचे नाना, यांच्यावरसुद्धा उठाववाल्यांशी संधान असल्याचा संशय घेतला गेला. पुरावा काही मिळाला नाही. मग 1 नोव्हेंबर 1858 ला राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला, कंपनीचं राज्य संपलं आणि त्या वर्षाच्या अखेरीस टाउन हॉलमध्ये सभा भरली. राणीच्या नावाने एक संग्रहालय आणि एक बाग उभी करायची, लोकांकडून वर्गणी जमवायची, असं ठरलं. काल ज्यांच्यावर संशय होता ते नाना या कामात पुढे होते. त्यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजी होते, सर जमशेटजी जीजीभाईंचं घराणं होतं, बगदादहून येऊन मुंबईत मोठे झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून होते.

याला राजनिष्ठेचा देखावा म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. देखावा तर होताच. 1857 नंतर आपण सरकारच्या बाजूचे आहोत असं चारचौघांत दाखवण्याची गरज मुंबईच्या धनिकांना भासली नसती तरच नवल. पण नाना आणि भाऊ दाजी नुसत्या मुजऱ्याची माणसं नव्हती. 1852 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे नाना अध्यक्ष होते आणि भाऊ दाजी चिटणीसांपैकी एक. कंपनीच्या कारभाराविरुद्ध थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवणारी ही संस्था. राणीचं नाव पुढे केलं की सरकार जमीन देतं, नाही म्हणत नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं. शहराला शाळा, कॉलेज, दवाखाना, वाचनालय हवं तसंच संग्रहालय हवं, एवढाच त्यांचा मतलब असावा असं मला वाटतं.

भाऊ दाजींकडे पाहिलं तर हे पटतं. त्यांचा जन्म 1824 चा, गोव्यातल्या पेडण्याजवळच्या मांद्र्याचा. मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. दिवसा रोगी तपासायचे, गरिबांना औषध फुकट द्यायचे, कुष्ठरोगावर उपाय शोधायचे आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचायचे. जुनागढचा रुद्रदामनाचा लेख, अजिंठ्यातले लेख, कालिदासाचा काळ, अशा विषयांवर त्यांनी लिहिलं. 1869 मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. दगडावरची अक्षरं लावणाऱ्या या डॉक्टरला वस्तू जपण्याचं मोल कोणी शिकवायला नको होतं.

बागेचा धागा वेगळा होता. पश्चिम हिंदुस्थानातल्या शेती आणि बागायतीसाठी स्थापन झालेल्या एका मंडळाची शिवडीला बाग होती. तिथे परदेशी रोपं लावून पाहायची, कुठलं इथल्या हवेत तगतं ते तपासायचं, असं काम चाले. शिवडीची जागा पुढे सरकारने ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली, तेच आजचं शिवडीचं जुनं कबरस्तान. मंडळाला बदल्यात माझगाव-भायखळ्याकडची माउंट इस्टेट मिळाली, सुमारे 33 एकर. संग्रहालयही तिथेच बांधायचं ठरल्याने शिवडीची रोपवाटिका आणि बराकीतून निघालेला संग्रह एका कुंपणात आले. 1862 च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि त्यांच्या पत्नीने बाग लोकांसाठी खुली केली. भायखळा तेव्हा साहेबांची वस्ती. जवळच त्यांचा क्लब आणि घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं. 1853 पासून बोरीबंदर-ठाणे आगगाडी या भागातून धावत होती. हवा खायला बाहेर पडणाऱ्या गोऱ्या कुटुंबांना सोयीची अशी ही जागा होती.

मुहूर्तही बरा होता, निदान तेव्हा तसं वाटत होतं. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी पेटली आणि तिकडचा कापूस लँकेशायरला जायचा थांबला. मुंबईच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. शहरात पैसा इतका लोटला की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे शेअर घेण्यासाठी शेटजींपासून कारकुनापर्यंत सगळे धावले. फ्रिअरने किल्ल्याची तटबंदी पाडायला काढली, शहराचं नवं रूप कागदावर आखलं गेलं. अशा दिवसांत संग्रहालयासाठी वर्गणी मागणं जड गेलं नाही. डेव्हिड ससून यांनी बागेच्या दाराशी घड्याळाचा मनोरा दिला आणि राणीचा नवरा अल्बर्ट 1861 च्या डिसेंबरात वारला होता, त्याच्या पुतळ्याचा खर्चही उचलला.

1865 च्या वसंतात अमेरिकेतलं युद्ध संपलं. तिकडचा कापूस पुन्हा बाजारात येणार म्हटल्यावर इथले भाव कोसळले. 1 जुलै 1865 हा शेअरच्या वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी अर्ध्या शहराकडे द्यायला काही नव्हतं. पेढ्या बुडाल्या, बँका बुडाल्या, घरंदाज कुटुंबं रस्त्यावर आली. त्याच महिन्याच्या शेवटी नाना शंकरशेट वारले. डेव्हिड ससून आदल्या वर्षीच गेले होते. इमारतीचा आराखडा करणारा विल्यम ट्रेसी हाही काम पुरं व्हायच्या आत मरण पावला आणि काम स्कॉट मॅक्लेलंड या कंपनीकडे गेलं. पैशाअभावी भिंती अर्ध्यावर थांबल्या. लोकवर्गणीतून उभं राहायचं संग्रहालय शेवटी सरकारने हातात घेऊन पुरं केलं. 2 मे 1872 रोजी दार उघडलं. नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. लंडनच्या सुप्रसिद्ध संग्रहालयाला हेच नाव मिळालं ते 1899 मध्ये, म्हणजे या बाबतीत मुंबई सत्तावीस वर्षं पुढे होती.

इमारत बाहेरून शांत आहे. इटलीतल्या जुन्या हवेल्यांच्या धर्तीची, प्रमाणबद्ध, जराशी कोरडी. आत शिरलं की भपका अंगावर येतो. बिडाचे उंच खांब, त्यांच्या माथ्यावर पानांची नक्षी, त्यावर सोन्याचा मुलामा, पायाखाली विलायतेहून आलेल्या मिंटनच्या रंगीत फरश्या. समोर मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने घडवलेला अल्बर्टचा संगमरवरी पुतळा उभा आहे आणि त्याच्या चौथऱ्यावर इंग्रजीबरोबर हिब्रू अक्षरं कोरलेली आहेत. इंग्रज राणीचा जर्मन नवरा, बगदादी ज्यूच्या पैशाने, मराठी-गुजराती पुढाऱ्यांच्या संग्रहालयात. मुंबईची ओळख करून द्यायला या एका पुतळ्याइतकं थोडक्यात दुसरं काही मला माहीत नाही.

पण थांबावं ते जिना चढून गेल्यावर. काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. मुंबई इलाख्यातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे स्त्रीपुरुष, त्यांचे पेहराव, त्यांचे धंदे. पगड्यांचे आणि पागोट्यांचे छोटे नमुने आहेत. कुठली पगडी कोणाची, हे एके काळी शाळकरी पोरालाही सांगता यायचं, आज ती चिठ्ठी वाचल्याशिवाय कळत नाही. पारशांच्या दोखम्याची प्रतिकृती आहे, ज्याच्या आत बिगरपारशाला कधी जाता येत नाही. यांतले बरेचसे नमुने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झाले. जे. जे. कलाशाळेचे प्रिन्सिपल सेसिल बर्न्स तेव्हा संग्रहालयाचेही क्युरेटर होते. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नाही, मग नुसती खनिजं आणि चिठ्ठ्या मांडून उपयोग काय, हे त्यांनी ओळखलं. म्हणून पाहताक्षणी कळेल अशी चित्रं, नकाशे आणि मातीची माणसं आली. संग्रह व्यापाऱ्यासाठी सुरू झाला होता. वाचता न येणाऱ्यासाठी तो पुन्हा मांडला गेला.

हा वाचता न येणारा प्रेक्षक आला कुठून? गिरण्यांतून. ताडदेवला 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या तीसेक वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा इथे धुराड्यांचं रान माजलं. साहेबांनी बंगले सोडून मलबार टेकडीची वाट धरली, शर्यतीही महालक्ष्मीला गेल्या. त्यांच्या जागी रत्नागिरी, सातारा आणि घाटावरून आलेले कामगार चाळींतल्या खोल्यांत दाटीवाटीने राहू लागले. 1873 मध्ये बाग महापालिकेच्या ताब्यात आली, पुढे संग्रहालयही आलं. पण चौदा-चौदा तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला बागेत जायला सवड कुठे होती? सुट्टी सणावारी, मालकाच्या मर्जीने.

ती सवड मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक चळवळीतला हा कार्यकर्ता ‘दीनबंधु’चा संपादक होता आणि गिरणी कामगारांची संघटना बांधत होता. आठवड्याला एक हक्काची सुट्टी, ही त्यांची मागणी 1884 पासूनची. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे 10,000 कामगारांची सभा झाली, तिथे दोन बायकाही उभ्या राहून बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. योगायोग असा की त्याच 1890 साली बागेला 15 एकर जागा जोडली गेली आणि तिथे प्राणिसंग्रहालयाची मांडणी झाली. गिरणगावाला रविवार मिळाला त्याच वर्षी रविवारी बघायला वाघ-सिंहही मिळाले. हे दोन निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर झाले, पण पुढची शंभर वर्षं ते एकमेकांपासून सुटले नाहीत. गावाहून पाहुणा आला की त्याला राणीची बाग दाखवायची, पोरांना हत्तीवर बसवायचं, झाडाखाली डबा सोडायचा, हा लालबाग-परळचा रिवाजच होऊन गेला. टाउन हॉलच्या सभेत वर्गणी देणाऱ्या शेटजींच्या डोळ्यांपुढे हे पाहुणे खचितच नव्हते.

डबा ज्यांच्या सावलीत सोडला जायचा ती झाडंही लांबून आलेली. कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. त्याची फुलं फांदीला न लागता थेट खोडातून फुटतात, आत शिवलिंगासारखा भाग, त्यावर नागाच्या फण्यासारखं छत्र. फळ तोफेच्या गोळ्याएवढं, आणि ते खाली पडून फुटलं की वास नकोसा होतो. उर्वशी ब्रह्मदेशची, वसंतात तिला लाल-पिवळ्या फुलांचे लोंबते घोस येतात. गोरखचिंच आफ्रिकेची, खोड असं फुगलेलं की चार माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही. कृष्णवडाच्या पानाचा देठाकडचा भाग दुमडून द्रोण झालेला असतो, आणि बाळकृष्णाने त्यात लोणी लपवलं होतं ही कथा तिथे हटकून सांगितली जाते. शेकडो जातींची झाडं इथे उभी आहेत. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या वही घेऊन या बागेत फिरल्या.

दगडी पाहुणेही येत राहिले. घारापुरीच्या किनाऱ्याजवळ काळ्या दगडाचा एक प्रचंड हत्ती होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायची खटपट झाली. उचलताना हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले. ते बागेत आणले गेले आणि पुढे सांधून पुन्हा उभे केले गेले. संग्रहालयाबाहेर तो आज आहे. सांधे नीट पाहिले तर दिसतात. आणणाऱ्यांच्या मनात तो लंडनला पाठवायचा होता, मोडला म्हणून मुंबईला राहिला.

राणीचा पुतळा मात्र मोडायला बराच वेळ लागला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, मॅथ्यू नोबलच्याच हातचा, संगमरवरी छत्राखाली बसलेल्या व्हिक्टोरियाचा हा पुतळा 1872 मध्ये एस्प्लनेडवर बसला. संग्रहालय उघडलं तेच हे वर्ष. 1896 च्या ऑक्टोबरात, शहरात प्लेगचा फैलाव सुरू असताना, एका सकाळी राणीच्या तोंडाला डांबर फासलेलं आणि गळ्यात जुन्या जोड्यांची माळ दिसली. कोणी केलं ते महिनोन्महिने कळलं नाही. पुण्यात 22 जून 1897 ला प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, दामोदर चापेकर पकडले गेले आणि त्यांच्या जबानीतून मुंबईचं डांबरही उलगडलं.

स्वातंत्र्यानंतर हे पुतळे तसेच चौकाचौकांत होते. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, आणि 1965 मध्ये काही पुतळ्यांची मोडतोड झाल्यावर ते हलवण्यात आले. हलवायचे कुठे? राणीच्या बागेत. व्हिक्टोरिया आली, कॉर्नवॉलिस आला, वेलस्ली आला. राणीचा मुलगा एडवर्ड याचा काळ्या घोड्यावरचा पुतळाही आला, ज्याच्यामुळे फोर्टातला तो चौक काळा घोडा म्हणून ओळखला जातो. घोडा भायखळ्याला येऊन साठ वर्षं झाली, चौकाचं नाव काही बदललं नाही. 2017 मध्ये तिथे नवा, स्वार नसलेला घोडा बसवला. बागेचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं आणि 1975 मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं. हे दुसरं नामांतर मला विशेष रास्त वाटतं. ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांचं नाव तिथे शंभर वर्षं नव्हतं. व्हिक्टोरियाचा पुतळा आता छत्राविना, झिजल्या चेहऱ्याने आवारात आहे. तो फोडून टाकला असता तर चापेकरांनी डांबर कशाला फासलं हे पोरांना दाखवायला काही उरलं नसतं.

तोवर संग्रहालयाची रया गेलेली होती. 1922 मध्ये फोर्टात प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उघडलं आणि मोठे देणगीदार, अभ्यासक, दुर्मीळ वस्तू तिकडे वळल्या. भायखळ्याचं संग्रहालय पालिकेच्या उद्यान खात्याच्या कडेला पडून राहिलं. छत गळत होतं, नक्षीवर रंगांचे थर चढले होते, कपाटांना वाळवी. 1982 च्या संपानंतर गिरण्याही बंद पडत गेल्या आणि रविवारचा हक्काचा प्रेक्षक पांगला. अखेर 2003 मध्ये महापालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली इमारत सोलून, तपासून, पुन्हा पूर्वीच्या रूपात आणली गेली. 2005 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार तिला मिळाला आणि 2008 च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा उघडलं. पालिकेच्या मालकीची वास्तू इतकी देखणी होऊ शकते, यावर मुंबईकरांचा पटकन विश्वास बसला नाही.

इमारत वाचली तेव्हा झाडं धोक्यात आली. 2007 च्या सुमारास प्राणिसंग्रहालय आंतरराष्ट्रीय दर्जाचं करण्याचा 400 कोटींहून अधिक खर्चाचा आराखडा निघाला. पिंजऱ्यांची दैना झालेली होती, सुधारणा हवीच होती. पण या आराखड्यात बागेला जागा उरत नव्हती. वनस्पतींची जाण असलेले नागरिक पुढे आले, त्यांनी झाडांच्या नोंदी केल्या, वारसा समितीपुढे बाजू मांडली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आराखडा छाटला गेला आणि कामं टप्प्याटप्प्याने झाली. यातूनच 2016 मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांतला एक काही महिन्यांत दगावला आणि शहरभर गदारोळ झाला. 2017 च्या मार्चमध्ये बाकीचे लोकांना पाहायला मिळाले. त्याच वर्षी बागेचं 5 रुपयांचं तिकीट 50 रुपये झालं. चौघांच्या कुटुंबाला 100 रुपये अशी सवलत ठेवली गेली. तिकिटावरून महापालिकेत जोरदार भांडणं झाली. पेंग्विन परके म्हणून मला त्यांच्यावर राग नाही. उर्वशी आणि कैलासपतीही परकेच होते, ते रुजले. पण 1890 नंतर ज्या माणसाने ही बाग आपली मानली, त्याच्या खिशाचा विचार तिकीट ठरवताना किती झाला असेल याबद्दल शंका आहे.

एक दिवस हाताशी असेल तर सकाळी आधी संग्रहालय पाहावं, डोकं ताजं असताना. जिना चढून मातीच्या माणसांपाशी अर्धा तास द्यावा. मग आवारातले पुतळे आणि घारापुरीचा हत्ती, मग ऊन चढलं की झाडं, आणि पेंग्विनच्या रांगेत सर्वांत शेवटी उभं राहावं. मार्चच्या आसपास गेलात तर उर्वशी फुललेली मिळण्याचा संभव आहे. बुधवारी मात्र जाऊ नका, बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.